पाठीमागची काठी

१

झाड पाडणाऱ्या माणसाला पाठीला डोळे नसतात, आणि करवतीचं इंजिन सुरू झालं की कानही उरत नाहीत. म्हणून चामा नदीकाठच्या लोस सेरितोस गावात मोठं झाड पाडायला नेहमी दोघे जातात. एक जण करवत धरतो. दुसरा लांब काठी घेऊन त्याच्या मागे उभा राहतो आणि शेंड्याकडे बघत राहतो. वर काही हललं, एखादी वाळकी फांदी निसटली, तर ओरडून काहीच उपयोग नाही. कानांवर जाड झाकणं असतात. काठीवाल्यानं काठीच्या टोकानं खांद्यावर टोचायचं. एकदा टोचलं तर थांब. दोनदा टोचलं तर पळ. का म्हणून विचारायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. समोर मोकळं दिसेल तिकडे सुटायचं. विचार करायला थांबलेल्यांची नावं गावच्या दफनभूमीत वाचायला मिळतात.

एलॉय आणि आमादेओ या कामात विशीपासून एकत्र होते. आमादेओ एलॉयच्या बायकोचा भाऊ. मनगट दुखायला लागेपर्यंत तोही करवत धरायचा, तेव्हा काठी एलॉयकडे असायची. दोघांच्याही खांद्यांना ही खूण इतकी मुरली होती, की एकदा लग्नाच्या नाचात कुणीतरी गंमत म्हणून आमादेओच्या खांद्यावर दोनदा बोट टोचलं, तर पठ्ठ्या जोडीदारणीचा हात सोडून थेट दारापर्यंत पळाला होता. ती गोष्ट गाव अजून सांगतं.

यंदा पाटाच्या काठावरची कॉटनवूडची जुनी रांग पाडायची ठरली होती. ही झाडं बाहेरून बुरुजासारखी दिसतात आणि आतून पोकळ असतात. करवत घातली की त्यांचं लाकूड कापलं जात नाही, पिंजलं जातं. ओले दोरे साखळीला गुंडाळतात, आणि खोडात साठलेलं आंबूस पाणी कापातून तोंडावर उडतं. पाचर मारावी तर मऊ लाकडात नुसती बुडते, उचलत काहीच नाही. फांद्यांना तर काही धरबंधच नाही. वारा नसताना, भर दुपारी, कुणी हात लावला नसताना मांडीएवढी जाड फांदी खाली येते.

दोन झाडं विनातक्रार पडली. तिसरं सगळ्यांत मोठं. पाटाच्या दाराशी, आमादेओच्या आईच्या घराला जवळजवळ खेटून. वीज पडून उभं चिरलेलं, पाटाच्या दाराकडे कललेलं. ते आपल्या मर्जीनं पडलं तर पाटाचं दार गेलं, आणि दार गेलं तर खालच्या सगळ्या शेतांचं पाणी गेलं. सान होसेच्या सणाला पाटात पाणी सोडतात. त्याआधी ते झाड आडवं व्हायला हवं होतं. गावच्या सभेत सगळ्यांनी हो म्हटलं. विरोधात हात एकच वर गेला. आमादेओचा. त्याचा पाळणा म्हणे याच झाडाच्या फांदीला होता.

आणि तोच आमादेओ दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन हजर. ‘‘दुसऱ्या कुणाच्या हातात तुझा जीव देऊ का, दाजी?’’ म्हणाला.

एलॉयला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

त्या पहिल्या सकाळी घराच्या बाजूला लोंबणाऱ्या खालच्या फांद्या काढायच्या होत्या. हवा स्तब्ध होती. एलॉय खोडाकडे तोंड करून शेवटच्या फांदीत करवत घालत होता, आणि उजव्या खांद्यावर टोचलं. एकदा.

त्यानं करवत थांबवली. वर बघितलं. निळं आकाश, नागड्या फांद्या, काही हलत नव्हतं. कानांवरची झाकणं काढून तो वळला.

आमादेओ काठीच्या टप्प्याबाहेर, आईच्या घराच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतत होता. काठी भिंतीला टेकवलेली.

‘‘काय झालं?’’ एलॉय ओरडला.

‘‘कुठं काय झालं?’’

‘‘टोचलंस ना आता?’’

‘‘मी? दाजी, मी कॉफी ओततोय. ती बघ काठी.’’

‘‘मी फांदीखाली उभा आहे आणि तू काठी सोडून कॉफी ओततोस?’’

आमादेओ हसला. ‘‘चुकलं बाबा. ये, तूही घे घोटभर.’’

एलॉयनं कॉफी घेतली नाही.

२

दुपारी वारा सुटतो. मार्चमध्ये रोजच सुटतो, आणि वाऱ्यात झाड पाडायचं नसतं. काम बंद करून दोघे प्रेसिलियानाच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले. ती आमादेओची आई, एलॉयची सासू. ऐंशीच्या पुढची, पण ताटातला घेवडा कोणी टाकला तर अजून हातावर मारणारी.

‘‘सासूबाई, झाड पडेपर्यंत तुमच्या लेकीकडे चला ना राहायला,’’ एलॉय म्हणाला.

‘‘कशाला? झाड कुठं पाडणार आहेस?’’

‘‘दाराला चुकवून, पाटाच्या पलीकडे. शेतात.’’

‘‘मग मी इकडे आहे. गप्प जेव.’’ तिनं त्याच्या ताटात लाल मिरचीचा रस्सा वाढला. ‘‘आणि आवाज होईल म्हणत असशील, तर त्याची मला सवय झालीये. ही भिंत वाजते.’’

तिनं चमच्यानं झाडाकडची भिंत दाखवली. तेव्हा एलॉयच्या लक्षात आलं, की तिची खाट त्या भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेली आहे.

‘‘फांदी घासत होती, आई,’’ आमादेओ ताटातून मान वर न करता म्हणाला. ‘‘आज काढली ती आम्ही.’’

‘‘घासणं मला कळतं रे. हे घासणं नव्हे. टोचल्यासारखं. एकदा. मग गप्प.’’

एलॉयचा घास हातात राहिला. त्यानं आमादेओकडे बघितलं. आमादेओ हसत होता. खाली बघून, ओठ दाबून, पण हसत होता.

तो चुलीला लाकडं आणायला बाहेर गेला, तशी म्हातारी पुढे झुकली. ‘‘त्याचं काय बिनसलंय?’’

‘‘का?’’

‘‘हसतोय. लहानपणी डब्यातली साखर खाऊन तोंड पुसून यायचा, आणि असाच हसायचा. तिथंच पकडायचे मी त्याला. हा हसला की समज, काहीतरी आहे जे तो सांगत नाहीये.’’

खिडकीतून आमादेओ दिसत होता. लाकडांच्या ढिगाशी तो वाकला नव्हता. गुडघ्यावर बसून, ढिगाला पाठ लावून, मागे हात घालून एकेक ओंडका ओढत होता. असं कोण करतं?

३

‘‘हे डाग कसले?’’ एलॉयच्या बायकोनं, लुडिविनानं, रात्रीच्या जेवणाआधी विचारलं. तिनं त्याचा कामाचा कोट दिव्याखाली धरला होता.

उजव्या खांद्यावर एक गोल काळसर डाग होता. काठीच्या टोकाएवढा. तो एलॉयला अपेक्षित होता. पण कोट उलटला तर पाठीवर आणखी होते. डाव्या खांद्यावर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, पार कमरेपर्यंत. सगळे गोल, सगळे तेवढेच. त्यातला एकच त्याला जाणवला होता.

लुडिविनानं नाक जवळ नेलं. ‘‘आंबलेल्या पिठासारखा वास येतोय.’’

‘‘झाडाचं पाणी आहे. कापताना उडतं.’’

‘‘पाठीवर?’’

एलॉयनं दार ओढून घेतलं. मग त्यानं मनातलं सांगितलं. तिचा भाऊ काठीचं टोक त्या पाण्यात बुडवतो, मागून हलकेच लावून बघतो, आणि संधी मिळाली की टोचतो. म्हणजे काम थांबतं. रोज थोडं थांबलं की वारा सुटतो, वारा सुटला की दिवस गेला. सणाला पाटात पाणी आलं की झाडाच्या मुळाशी चिखल. मग वर्षभर त्याला कुणी हात लावणार नाही.

‘‘माझा भाऊ असा नाहीये.’’

‘‘तुझ्या भावानं सभेत एकट्यानं हात वर केला होता.’’

‘‘हात वर केला, कारण त्याला वाटलं ते त्यानं तोंडावर सांगितलं! जो तोंडावर सांगतो तो मागून काड्या करतो का?’’ ती चिडली. ‘‘सरळ विचार की त्याला.’’

‘‘विचारलं. हसला.’’

लुडिविनानं कोट पाण्यात टाकला आणि जरा जोरानंच घासायला घेतला. डाग फिके झाले. गेले नाहीत.

४

दुसऱ्या सकाळी एलॉयनं सापळा लावला. गाडीच्या काचा वर करून, इंजिन चालू ठेवून त्यानं आमादेओला सांगितलं, की आजपासून खूण बदलली. खांद्यावर नाही, हेल्मेटवर टोचायचं.

‘‘का?’’

‘‘खांद्याची शीर दबलीये बहुतेक. नसलेलं टोचल्यासारखं होतं.’’

आमादेओ त्याच्याकडे बघत राहिला. ‘‘तुलाही?’’

‘‘मलाही म्हणजे?’’

‘‘नाही, म्हणजे... माझं मनगट तसंच आहे ना.’’ आणि तो हसला.

एलॉयनं पाटाच्या बाजूनं खाच घ्यायला सुरुवात केली. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूचा हा घास. पाणी उडत होतं, ओले दोरे साखळीत अडकत होते. खाच खोल गेली तशी मधे काळी पोकळी उघडली आणि आतून कोमट हवा तोंडावर आली. कुजकं लाकूड गरम असतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं तोंड फिरवलं.

हेल्मेटवर टक् झालं. एकदा.

या खेपेला तो करवत घेऊनच गर्रकन वळला. आमादेओ आपल्या जागी, काठी दोन्ही हातांत धरून उभा होता. पण तो शेंड्याकडे बघत नव्हता. एलॉयकडेही बघत नव्हता. मान पूर्ण मागे वळवून, स्वतःच्या खांद्यावरून घराच्या भिंतीकडे बघत होता.

एलॉयनं करवत बंद केली, तरातरा गेला आणि काठी त्याच्या हातातून हिसकावली. टोक चाचपलं. कोरडं. मग स्वतःचं हेल्मेट काढून बघितलं. मागच्या बाजूला गोल ओला ठिपका.

‘‘पुसलंस ना?’’

‘‘काय पुसलं?’’

‘‘आमादेओ, गाडीत आपण दोघेच होतो. काचा बंद होत्या. हेल्मेट हा शब्द तिसऱ्या माणसाला माहीत नाही!’’

‘‘मी नाही टोचलं.’’

‘‘मग कुणी?’’

आमादेओनं पुन्हा भिंतीकडे बघितलं. ‘‘दाजी, तू सकाळपासून एकदा तरी माझ्या मागं आला होतास का?’’

‘‘मी दिवसभर तुझ्या पुढं आहे! तुझ्या नाकासमोर!’’

‘‘हो,’’ आमादेओ म्हणाला. ‘‘तेच.’’ आणि पुन्हा तेच ओठ दाबलेलं हसू.

एलॉयनं त्याला ढकललं. तो भिंतीवर आपटला आणि तिथंच, भिंतीला चिकटून, उभा राहिला. भांडण कितीतरी वेळ चाललं. त्यात सभा आली, पाळणा आला, एलॉयनं कधीकाळी उसना नेलेला आणि मोडून परत दिलेला जॅकही आला. दोघे दमले तेव्हा नदीकडून वाऱ्याची पहिली झुळूक आली.

खाच घेतलेलं झाड तसंच सोडून जायचं नसतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एलॉय ते सोडून गेला.

५

संध्याकाळी पाटकरी ओनोफ्रे दारात. पाटाचं पाणी, पाटाचं दार, पाटावरची भांडणं, सगळं त्याच्या अंगावर. त्यामुळे तो कधी हळू आवाजात बोलायचा नाही.

‘‘खाच घेऊन सोडलंस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? खाली म्हातारी झोपते!’’

‘‘उद्या सकाळी पाडतो.’’

‘‘उद्या पाडशीलच. परवा पाणी आहे. काठीला दुसरा माणूस देऊ? गाव बोलतंय, की तुमचं वाजलंय.’’

इथं एलॉयनं हो म्हणायला हवं होतं. पण दुसरा माणूस आला असता तर कोण खरं आणि कोण खोटं, हे कधीच कळलं नसतं, आणि त्याला आता झाडापेक्षा तेच जास्त हवं होतं. वीस वर्षं ज्याच्या भरवशावर आपण पाठ उघडी टाकून वाकलो, तो माणूस कोण आहे? या प्रश्नासोबत त्याला जगायचं नव्हतं.

‘‘आमादेओच राहू दे,’’ तो म्हणाला.

सकाळी त्यानं आमादेओला जागा दाखवली. पाटावरची फळी ओलांडून, शेताच्या कडेला, झाड पडणार त्या पट्ट्याच्या चांगलं बाहेर. एलॉय खाचेच्या विरुद्ध, घराच्या बाजूनं मागचा काप घेताना खोडाच्या उजवीकडून त्याला तो पूर्ण दिसणार होता.

‘‘समोर?’’ आमादेओ म्हणाला. ‘‘काठीवाला समोर उभा राहतो होय? काठी पोचणार कशी?’’

‘‘पोचायला नकोच आहे. वर काही हललं तर हात वर कर. मी बघेन.’’

‘‘आणि माझी पळायची वाट?’’

‘‘तुला कशाला वाट? झाड तुझ्या बाजूला येतच नाही.’’

आमादेओनं त्या जागेकडे बघितलं. मागे मोकळं गवत, त्याच्या पलीकडे नदी. ‘‘तिकडं भिंत नाही,’’ तो म्हणाला.

‘‘भिंत कशाला हवी?’’

‘‘काही नाही. असंच.’’ तो हसला, काठी उचलली आणि फळीवरून पलीकडे गेला. निम्म्यात थांबून वळला. ‘‘दाजी, हे झाल्यावर एकदा बसू. मला तुला एक सांगायचंय. तू हसशील.’’

‘‘आता सांग.’’

‘‘आता नको. आता तुझा विश्वास बसणार नाही.’’

६

एलॉय गुडघ्यावर बसला, कानांवर झाकणं ओढली. जग बंद झालं. करवत लाकडात शिरली.

सूर्य त्याच्या मागे, म्हातारीच्या छपरावरून नुकताच वर आला होता. समोरच्या सालीवर त्याची स्वतःची सावली पडली होती. हेल्मेट, खांदे, कोपर. खोडाच्या उजवीकडे, लांब, आमादेओ दिसत होता. काठी छातीशी आडवी, दोन्ही हातांत. एलॉय मिनिटामिनिटाला बघत होता. तो हलला नव्हता.

पहिली पाचर बुडाली. त्यानं दुसरी तिच्या शेजारी ठोकली. करवत पुन्हा आत. आंबूस पाणी मांडीवर वाहत होतं. खाच आणि काप यांच्यामधे आता फक्त लाकडाची एक पट्टी उरत होती. तिला बिजागरी म्हणतात. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वळून खाली जातं. इथपर्यंत आल्यावर थांबायचं नसतं. अर्धवट सोडलेलं झाड कुठल्या बाजूला जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

खांद्यावर टोचलं. एकदा.

एलॉयनं उजवीकडे बघितलं. आमादेओ तिथंच होता. काठी छातीशी, दोन्ही हात काठीवर.

त्या क्षणी त्याला आधी काय वाटलं असेल, तर आनंद. आमादेओ खोटं बोलत नव्हता. वीस वर्षं खरी होती. मग त्या आनंदाखालून गार पाण्यासारखं दुसरं काहीतरी वर आलं.

टोक उचललं गेलं नव्हतं. ते खांद्यावरच टेकून होतं.

त्यानं मागे बघितलं नाही. त्यानं सालीकडे बघितलं. तिथं त्याच्या सावलीच्या खांद्यावर एक सरळ रेघ उतरली होती. फांदीची असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पण घराच्या बाजूच्या फांद्या त्यानं स्वतः काढल्या होत्या. रेघेवरून त्याची नजर मागे मागे गेली, धरणाऱ्या हाताकडे. हात होता. म्हणजे जिथं काठी संपायला हवी तिथं ती संपली नाही, वाकली, कोपरासारखी. थोडं पुढे पुन्हा वाकली. मग पुन्हा. त्यापुढे साल संपत होती आणि सावलीही.

माणसाच्या हाताला एकच कोपर असतं.

टोक खांद्यावरून हळूच उचललं गेलं. काळजीनं, एखाद्याची झोप मोडू नये तसं. सालीवरची रेघ आखडत नाहीशी झाली. एलॉयचे हात करवतीवर गोठले होते, करवत चालूच होती आणि आपल्याच वजनानं आत जात होती.

त्यानं आमादेओकडे बघितलं, कारण जगात बघण्यासारखं तेवढंच उरलं होतं. हे आता त्याला सांगायचं, ओरडून सांगायचं, असं त्याच्या मनात आलं.

आमादेओच्या उजव्या खांद्याला झटका बसला. मग लगेच आणखी एक.

दोनदा.

त्याच्या मागे गवत होतं आणि नदी होती. आमादेओचं तोंड उघडलं. तो हसत नव्हता. त्यानं मागे वळून बघितलं नाही. वीस वर्षं अंगात मुरलेली खूण पायांनी पाळली. त्यानं काठी टाकली आणि तो समोर दिसणाऱ्या एकमेव मोकळ्या जागेकडे सुटला. पाटाच्या कडेचं नांगरून तयार केलेलं, कालपासून साफ करून ठेवलेलं शेत. झाडासाठी मोकळं ठेवलेलं शेत.

एलॉय ओरडला. स्वतःचाही आवाज त्याला ऐकू आला नाही.

झाड अगदी ठरल्या जागी पडलं.

७

सान होसेच्या सणाला पाटात पाणी आलं. ओनोफ्रेनं दार उघडलं तेव्हा टोप्या काढून सगळे गप्प उभे होते. गावानं एकच प्रश्न विचारला, तोही एलॉयच्या माघारी: आमादेओसारखा माणूस पडत्या झाडाखाली पळेलच कसा? काहींच्या मते मनगटासोबत डोकंही गेलं होतं. काहींना वेगळंच वाटत होतं. भांडण झालं होतं ना? समोर उभं कुणी केलं त्याला?

दफनानंतर घरचे तेवढे प्रेसिलियानाच्या स्वयंपाकघरात बसले. लुडिविना चुलीशी होती. म्हातारीनं आतून आमादेओचा कोट आणला आणि टेबलावर पसरला.

‘‘हे बघ.’’

पाठ डागांनी भरलेली होती. गोल, काठीच्या टोकाएवढे, एकावर एक, जुन्यावर नवे. एलॉयच्या कोटावर होते त्याच्या कितीतरी पट.

‘‘पहिलं झाड पाडलंत तेव्हापासून धुतेय मी,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘मला वाटलं कॉफी सांडतो. विचारलं तर हसायचा.’’

उजव्या खांद्यावर दोन डाग बाकीच्यांहून गडद होते. शेजारी शेजारी. एलॉयनं त्यांच्यावर बोट ठेवलं. ते अजून दमट होते.

‘‘तू त्याला समोर उभं केलंस,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तू बघत होतास. त्याच्या मागं कोण होतं?’’

‘‘कोणी नाही, सासूबाई. नदी होती.’’

‘‘नीट सांग.’’

‘‘कोणी नव्हतं.’’

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘हसतोस कशाला?’’

एलॉयनं तोंडाला हात लावला. ओठ दाबलेले होते आणि कोपरे वर गेलेले. त्यानं ते खाली ओढायचा प्रयत्न केला. तोंड त्याचं ऐकेना. लुडिविना चुलीपासून वळली, तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हातातला डाव खाली ठेवला.

‘‘एलॉय?’’

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘काही नाही गं.’’ त्यानं खुर्ची मागे सरकवली. आणखी मागे. पाठीशी काहीतरी घट्ट हवं होतं, एवढंच त्याला कळत होतं. खांदे भिंतीला टेकले तेव्हा कुठं त्याचा श्वास सुटला.

‘‘तिथं टेकू नकोस,’’ म्हातारी म्हणाली.

‘‘का?’’

‘‘वाजते ती भिंत.’’

‘‘आता कशी वाजेल? झाड गेलं.’’

‘‘झाड गेलं, हो.’’ तिनं मुलाच्या कोटाची बाही नीट केली आणि हळूहळू त्याची घडी घालायला घेतली. ‘‘वाजते अजून. फक्त आधी एकदाच वाजायची.’’